इंगोले सर आणि उसनी ताकद

१४ डिसेंबर. सकाळचं काम : इंगोले सरांच्या मांजरीला स्टेरॉइडची अर्धी गोळी देणे.

गोळी मांजरीच्या घशाखाली उतरेपर्यंत इंगोले सर भिंतीकडे तोंड करून उभे असतात. मी उभं करत नाही, ते आपणहून राहतात. टाचा जुळवलेल्या, हात मागे, नजर कॅलेंडरवर. मी "झालं सर" म्हटलं की ते गर्रकन वळतात आणि म्हणतात, "विश्राम!" पहिल्या दिवशी मला वाटलं, मला म्हणतात. पण ते मांजरीला म्हणत होते.

सर आमचे शेजारी. अमरावतीतल्या एका शाळेत त्यांनी जन्मभर पीटी शिकवली. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण ट्रॅकसूट आणि गळ्यातली शिट्टी काही निवृत्त झाली नाही. दूधवाल्याशीसुद्धा ते शिट्टीनेच व्यवहार करतात. एक शिट्टी म्हणजे अर्धा लिटर, दोन म्हणजे एक लिटर, लांब शिट्टी म्हणजे कालचं दूध नासलं. त्यांच्या पत्नी सुलोचनाबाई होत्या तेव्हा घरातून निदान माणसांचे आवाज येत. त्या दोन वर्षांपूर्वी अचानक गेल्या. मुलगा बंगलोरला असतो. तेव्हापासून फक्त शिट्टी ऐकू येते.

सरांच्या मते जगात दोनच प्रकारच्या गोष्टी आहेत, अंगची ताकद आणि उसनी ताकद. लिफ्ट ही उसनी ताकद, म्हणून ते जिना चढतात. स्कूटरचं बटन ही उसनी ताकद, म्हणून किक मारतात, आणि हिवाळ्यात ती बराच वेळ मारतात. एकदा माझ्या पिठाच्या गिरणीत येऊन चालू मोटरकडे पाहत म्हणाले, "हे बी उसनी ताकदच हाय, मंगलाबाई. खरं तं जातं पायजे."

"आना ना जातं. तुमचं दळन तुमीच दळा," मी म्हटलं. गहू ठेवून सर मुकाट्याने गेले.

पण सगळ्यात वाईट उसनी ताकद म्हणजे स्टेरॉइड. आमच्या शहरात पोरांना व्यायामाचं वेड आहे, आणि जिथे दंड फुगवायची घाई तिथे दंडात सुई टोचणारेही निघतात. अशा पोरांना सरांनी मैदानातून शिट्टी मारत हाकललं आहे. एकाच्या पिशवीत पावडरीचा डबा सापडला, तेव्हा सरांनी तो मैदानाच्या कडेच्या कडुनिंबाच्या बुडाशी ओतला आणि वर्षभर त्या पोराला रोज विचारलं, "पाय बरं, निंबाचे दंड वाढले का?"

मांजर मूळची माझी, म्हणजे गिरणीची. कोठारात जन्मली, कायम पिठाने माखलेली, म्हणून नाव ज्वारी. ती सारखी खोकू लागली. मान लांब करून, जमिनीला चिकटून खोकायची. पिठाची धूळ तिला मानवत नाही हे कळल्यावर सर तिला घरी घेऊन गेले. "हवापालट," म्हणाले. आणि जाता जाता तिचं नाव वऱ्हाडी करून टाकलं, जवारी.

खोकला तरी थांबेना. माझं माहेर अकोल्याचं, जुन्या शहरातलं. आमच्या गल्लीतली शबाना आता अकोल्यातच जनावरांची डॉक्टर आहे, मांजरींच्या बाबतीत तिचा हात धरणारं कोणी नाही. तिने तपासून सांगितलं, दमा आहे. गोळी सुरू करू.

"कायची गोळी?" सरांनी विचारलं.

"स्टेरॉइड आहे, सर."

सर उठून उभे राहिले. मला वाटलं, आता शिट्टी मारतात. "डॉक्टर," ते म्हणाले, "माही मांजर न्याचरल आहे."

शबानाने समजावलं, की हे पैलवानांचं नव्हे, छातीची सूज उतरवायचं वेगळं औषध आहे. सर म्हणाले, नाव तं तेच आहे ना. शेवटी तोडगा निघाला. सर त्या गोळीला हात लावणार नाहीत, आणि देताना पाहणारही नाहीत. मग देणार कोण? शेजारच्या मंगलाबाई. मला कोणी विचारलं नाही. पण मांजर मरू द्यायची नव्हती आणि मला ते जमत होतं. पंच्यात गुंडाळायची, फक्त डोकं बाहेर ठेवायचं, जबडा उघडून गोळी जिभेच्या पार मागे टाकायची आणि वरून पिचकारीने थोडं पाणी. सायीत लपवून द्यायचा उद्योग पहिल्या दिवशीच सोडला. ती साय खाते आणि गोळी आपल्या साडीवर थुंकते.

खोकला थांबला. पण जवारीला भूक लागली. अशी भूक की काय सांगावं. ती भाकरी खाऊ लागली, फुलवाती चाटू लागली. समोरच्या घरी रोडग्यांचं, म्हणजे निखाऱ्यावर भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांचं, जेवण होतं, तिथून तिने एक रोडगा पंजाने लोटत, फुटबॉलसारखा, रस्ता ओलांडून घरी आणला. सरांना राग यायला हवा होता. ते म्हणाले, "ड्रिबलिंग पाहा!"

पाणीही घटाघट प्यायची आणि तितकंच बाहेर टाकायची. सरांनी पाण्याची वाटी लपवली, तेव्हा मात्र मी आवाज चढवला. पाणी तोडायचं नाही, हे शबानाने बजावलं होतं. खाणं मोजून, थोडं थोडं, चार वेळा. पाणी भरपूर. आणि या औषधाने साखर वाढू शकते, म्हणून अधूनमधून लघवी तपासायची.

"म्हंजे डोप टेस्ट," सर म्हणाले. या एका गोष्टीने त्यांना फार समाधान दिलं. तपासणीच्या दिवशी ते तिच्या रेतीच्या ट्रेच्या बाजूला पंचासारखे उभे राहत. साखर नाही असं कळलं की गल्लीत सांगत, "क्लीन निघाली."

पोट मात्र सुटलं. सरांनी जिन्यावर तिची कवायत सुरू केली. दोरीला पीस बांधून सर वर पळायचे, जवारी खालच्या पायरीवर बसून पाहायची. सरांचं वजन दोन किलोने उतरलं.

सगळं बरं चाललं होतं. मग सकाळी मैदानाबाहेरच्या चहाच्या टपरीवर सरांचे जुने विद्यार्थी भेटले. आता त्यांचीही पोटं सुटलेली.

"काय सर, जवारी बॉडी बनवून राहिली म्हन्ते?"

"आमाले निंबाखाली उभं केलं, अन् घरीच दुकान टाकलं का?"

"नॅशनलले नेता काय तिले?"

सर हसले नाहीत. दोन दिवस शिट्टीही वाजली नाही.

त्याच आठवड्यात मला परतवाड्याला भाचीच्या लग्नाला जावं लागलं. सरांना बसवून पंच्याचं सगळं शिकवलं. गोळ्या अर्ध्या करून डबीत ठेवल्या. "सर, एकही दिवस चुकवायची नाही. देता ना?" सर म्हणाले, "हो." सरांनी हो म्हटलं की काम झालं, असा आजवरचा अनुभव.

तर १४ तारखेला सकाळी मी परत कामावर हजर झाले. सर दारातच उभे, चेहरा खुललेला.

"या मंगलाबाई, या. तुमाले एक चमत्कार दाखवतो. जवारीले शिस्त लागली! काल सकाळपासून तिनं काई मागतलं नाई. पानी बी कमी. कशी पडली हाय पाहा, एकदम विश्राम."

मी पाहिलं. जवारी भिंतीशी पडली होती, मान पुढे लांबवून. बरगड्या भात्यासारख्या हलत होत्या. मी वाटी नाकाशी नेली तरी तिने डोळा उघडला नाही. कोपऱ्यात तिने ओकलेलं वाळून गेलं होतं.

"सर, गोळी?"

सरांनी डबी पुढे केली. मी जशी भरून गेले होते तशीच होती.

"म्या म्हटलं, अंगची ताकद येऊ द्यावं जरा..."

मी पुढचं ऐकलं नाही. शबानाला फोन केला. ती म्हणाली, असाल तशा निघा. सरांची जुनी कार मी काढली. सर मागे बसले, मांडीवर जवारी. बडनेरा गेलं, मूर्तिजापूर गेलं. आरशात दिसत होतं, की ते तिच्या श्वासाबरोबर स्वतः श्वास घेत होते. तिचा अडला की त्यांचा अडायचा. मूर्तिजापूरच्या पुढे म्हणाले, "मंगलाबाई, जरा पळवा." स्कूटरचं बटनसुद्धा न दाबणारा माणूस.

शबानाने तिला ऑक्सिजनच्या पेटीत ठेवलं, सलाइन लावलं, इंजेक्शन दिलं. ते कशाचं, हे सरांनी विचारलं नाही. मग ती बाहेर आली. शबाना लहानपणापासून फटकळ आहे.

"सर, ये क्या किया आपने? एकदम बंद?"

"हो."

"कोनी सांगितलं?"

"कोनी नाई. म्याच."

शेकडो पोरांना उन्हात उभं केलेला माणूस तिच्या टेबलासमोर सावधान उभा होता. शबानाचा आवाज खाली आला.

"बसा. हे औषध अंगात आपोआपही बनतं, थोडं थोडं. मूत्रपिंडाजवळ दोन लहान गाठी, म्हणजे ग्रंथी, असतात, त्यांचं ते काम. आपण बाहेरून द्यायला लागलो, की त्या म्हणतात, आयतं मिळून राहिलं, कशाला राबा? त्या झोपून जातात. आणि तुम्ही बाहेरचंही एकदम बंद केलं. बाहेरचं नाही, घरचंही नाही. मग जनावर उभं कशावर राहणार? उनको उठने का टाइम तो दो, सर! कमी करायचंच आहे, पण हळूहळू. अर्धीची पाव, मग एक दिवसाआड. महिने लागतील. आणि कधी कमी करायचं ते मी सांगेन."

"हळूहळू," सर म्हणाले.

"हळूहळू."

दुपार कलेपर्यंत आम्ही तिथेच बाकावर बसून होतो. चार वाजता जवारी उठून बसली आणि शबानाच्या डब्यातल्या शेवटच्या खिम्याकडे पाहून ओरडली. सर इतके हसले की त्यांना ठसका लागला. शबाना म्हणाली, घेऊन जा, पण रात्री लक्ष ठेवा, आणि उद्या सकाळी गोळी.

परत येताना रस्त्यावर कापसाच्या गाड्या होत्या, मला पुढे निघता येत नव्हतं. मागून सर म्हणाले, "सुलोचनाचं बी असंच झालं ना."

मी म्हटलं, "त्यांना तर हार्टअटॅक आला होता, सर. त्या कुठं स्टेरॉइडवर होत्या?"

"ती नाई. मी."

मला कळेना. मी आरशात पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते.

"ते गाठीचं म्हने ना डॉक्टरीन. आयतं भेटलं की झोपून जाते. घरात सारं बोलनं तीच बोले. पोराशी फोनवर ती. पाहुन्याशी ती. दूधवाल्याची लेक कोन्त्या वर्गात हाय, ते बी तिलेच ठाऊक. मले बोलाचं कामच नाई पडलं कधी. मी निरा शिट्टी वाजवो. अन् मंग ती एका दिवसात बंद झाली. कमी कमी कोनी केलीच नाई." जवारीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "आता पोराचा फोन येते. मी म्हन्तो, बरा हाय. तो म्हन्ते, बरं हाय. मंग ठेवून देतो. काय बोलाव, सुचतच नाई."

समोरच्या ट्रॅक्टरवाल्याने हात दाखवून वाट दिली. मी गिअर बदलला आणि गाडी पुढे काढली. अशा वेळी काय बोलायचं ते मलाही येत नाही, आणि माझ्याकडे निदान गाडी चालवत असल्याचं निमित्त होतं.

अमरावतीत शिरल्यावर मी म्हटलं, "उद्या गोळी तुम्ही द्यायची. मी फक्त पाहीन."

"देतो," सर म्हणाले.

१५ डिसेंबर. सकाळी गेले तेव्हा पंचा टेबलावर पसरलेला होता. सरांनी दोनदा हात धुतले. भिंतीकडे वळले नाहीत. जवारीला गुंडाळताना एक पाय बाहेर राहिला, त्याने ट्रॅकसूटला भोक पाडलं. पहिली गोळी जमिनीवर पडली. दुसऱ्यांदा बोट चावलं. तिसऱ्यांदा गेली. सर बोट चोखत म्हणाले, "दात मजबूत हायेत."

आता माझं तिथे काही काम उरलं नव्हतं. गोळी ते देऊ शकत होते. गिरणीसमोर डबे लागले असणार, तिकडे जायला हवं होतं.

मी खुर्ची ओढली आणि म्हटलं, "सर, चहा मांडा. आन् दूधवाल्याची लेक कोन्त्या वर्गात हाय, ते सांगा."

"मले कुठी माहीत," सर म्हणाले. मग आधण ठेवता ठेवता थांबले. "इचारतो उद्या."

चहा फार वाईट होता. मी दोन कप घेतले. सर बोलायला लागले की मधेच अडायचे, पुन्हा सुरू व्हायचे. मी घाई केली नाही.

गिरणी पाऊण तास उशिरा उघडली. दळणाचे डबे घेऊन बायका कुरकुरत उभ्या होत्या. मी सांगितलं, लाइट नव्हती.

"आमच्या इथं तं होती," एक म्हणाली.

म्हटलं, "आमचा फेज वेगळा आहे," आणि मोटर चालू केली.