चमचाभर मातीचा पंचनामा

गमरे पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा चहात साखर ढवळायला दिलेला चमचा त्यांनी रुमालानं पुसून कोरडा केला, गॅलरीत गेले आणि माझ्या बायकोच्या मोगऱ्याच्या कुंडीत खुपसला. चमचाभर माती काढून ती खिशातल्या इंजेक्शनच्या रिकाम्या बाटलीत भरली, बूच लावलं आणि परत येऊन उरलेला चहा संपवला. मग एक कोरा कागद मागून घेतला, सुवाच्य अक्षरात पाच-सहा ओळी लिहिल्या आणि कागद माझ्यापुढे सरकवला.

"इथं सही करा. वहिनींचीही लागेल. दोन पंच पाहिजेत."

कागदावर असं होतं: 'आम्ही खाली सही करणारे पंच लिहून देतो की, आज रोजी आमच्या समक्ष वाशी येथील दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतील मोगऱ्याच्या कुंडीतून, वरच्या थरापासून दोन बोटे खाली, एक चमचा माती काढण्यात आली. माती काळसर व ओलसर असून तिला वास आहे.'

बायकोनं सही करायला नकार दिला. तिच्या कुंडीला वास येतो असं ती लिहून देणार नव्हती. गमऱ्यांनी थोडा विचार करून 'वास' या शब्दाआधी वरच्या बाजूला 'चांगला' असा शब्द घातला आणि त्या दुरुस्तीवर आम्हां दोघांच्या वेगळ्या सह्या घेतल्या.

वर्तमानपत्रात काम करत असल्यामुळे मी पुष्कळ पंचनामे वाचले होते. खुनाचे, चोरीचे, आगीचे. कुंडीचा हा पहिलाच.

गमरे ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका रासायनिक कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट होते. आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहत. मूळचे रत्नागिरीकडचे. वडील कोर्टात शिपाई होते आणि पंचनाम्याचा संस्कार तिथूनच आलेला. गमरे सांगत, "आपलं तोंडी कोण ऐकतं? कागदावर आलं की ऐकावं लागतं." हे वाक्य ते हसत म्हणत, पण कागद मात्र न हसता घडी घालून ठेवत.

अशा कागदांची त्यांच्याकडे एक जाडजूड फाइल होती. महाप्याच्या टेकडीची माती, तळवलीच्या भातखाचराची माती, मिठागराच्या बांधाची माती, कांदा-बटाटा मार्केटच्या मागच्या कुजक्या ढिगाखालची माती. कुठेही गेले तरी चमचा आणि बाटली बरोबर असे. एका लग्नात नवरा-नवरी स्टेजवर उभी असताना हे मांडवाच्या खांबाचा खड्डा उकरताना सापडले आणि नवरीच्या मामाला पंच करून मोकळे झाले.

या मातीचं ते काय करतात, हे सोसायटीत प्रत्येकानं आपापल्या परीनं ठरवून टाकलं होतं. आमचे सेक्रेटरी पाटणकर यांचं मत होतं की, माणूस सोनं शोधतोय. गमऱ्यांचं उत्तर त्याहून अवघड होतं. ते सूक्ष्म जंतू शोधत होते आणि त्या जंतूंकडून त्यांना प्लॅस्टिक बनवून घ्यायचं होतं.

हे त्यांनी मला जसं समजावलं तसंच सांगतो. त्यांच्या कारखान्यातून आंबट वासाचं सांडपाणी निघे. ते नाल्यात जाई आणि नाल्यातून खाडीत. मातीत काही जंतू असे असतात की, हे पाणी त्यांचं जेवण होऊ शकतं. नुसतं जेवण दिलं तर ते खातात आणि वाढत जातात. पण जेवण भरपूर देऊन नायट्रोजन तेवढा हात आखडून दिला, तर त्यांना वाढता येत नाही. मग खाल्लेलं ते अंगात साठवू लागतात, आपण पोटावर चरबी साठवतो तसं. त्यांची ही चरबी बाहेर काढून वाळवली की प्लॅस्टिक होतं. आणि हे प्लॅस्टिक मातीत पुरलं, तर मातीतले दुसरे जंतू ते खाऊन टाकतात. मागे काही राहत नाही.

"थोडं कमी ठेवायचं," गमरे म्हणत. "सगळी खुबी तिथं आहे."

'थोडं कमी ठेवा' हा त्यांचा सगळ्याच बाबतींतला सल्ला होता. सोसायटीच्या सभेत पाण्याच्या वेळा ठरत असोत की पाटणकरांच्या मुलाची शिकवणी. माझा एखादा लेख वाचून ते परत देत आणि म्हणत, "नायट्रोजन जास्त झालाय. वाढलाय नुसता, साठलं काही नाही." संपादकांनी माझ्या लिखाणाबद्दल इतकं अचूक कधी सांगितलं नाही.

जंतूंना ते 'कामगार' म्हणत. सकाळी कुठे निघालात विचारलं तर "कामगारांची पाळी बदलायचीय" असं उत्तर मिळे. त्या काळात मुंबई-ठाण्याला संपांचे दिवस होते. गमऱ्यांचे कामगारही मधूनच काम थांबवत आणि मग ते गंभीरपणे सांगत की, मागण्या कळल्याशिवाय तोडगा निघणार नाही. एकदा तीन आठवडे संप चालला. शेवटी मागणी कळली. त्यांना थोडी कमी आच हवी होती.

गमऱ्यांच्या आत्मविश्वासाला तडा गेलेला मी पाहिला नाही. त्यांचं पहिलं प्लॅस्टिक पापडासारखं मोडलं. त्यांनी तुकडे जोडून मला दाखवले आणि सांगितलं, "पापड झाला म्हणजे पीठ बरोबर आहे. आता लाटणं शिकायचं." कारखान्यात त्यांना या कामासाठी मिळालं होतं एक टेबल, एक जुना फ्रिज आणि ड्यूटी संपल्यानंतरचा वेळ. त्यांना हवी होती एक स्टीलची टाकी. काचेच्या चंबूत महिनोन्‌महिने कामगार राबवले की वाटीभर भुकटी मिळे. टाकी असती तर नाल्यात जाणारं पाणी खरोखर कामाला लावता आलं असतं. टाकीसाठी त्यांनी किती अर्ज केले, ते फाइलीत नीट लावलेलं होतं. त्यांचे प्लँट मॅनेजर सबनीस हे चांगले गृहस्थ होते. प्रत्येक अर्जावर ते 'चर्चा करू' असं लिहीत.

आणि एका पावसाळ्याच्या अखेरीस चर्चा झाली. कंपनीचे डायरेक्टर मुंबईहून येणार होते. सबनिसांनी गमऱ्यांना बोलावून सांगितलं की, साहेबांना दहा मिनिटं आहेत, अर्ज-आकडे काही नकोत, जंतूंनी केलेली एक वस्तू त्यांच्या हातात ठेवा. वस्तू आवडली तर टाकी मिळेल. नाही आवडली तर टेबलही रिकामं करावं लागेल, कारण त्या खोलीत नवं यंत्र बसायचं होतं.

"वस्तू तयार आहे ना?"

"आहे," गमरे म्हणाले. "पण जमिनीत आहे."

सबनीस खुर्चीत मागे टेकले, असं गमऱ्यांनीच मला सांगितलं.

घडलं होतं ते असं. साठवलेल्या सगळ्या भुकटीचा गमऱ्यांनी एक पातळ पापुद्रा केला होता. तो न मोडता वाकत होता. त्याच्या कडा घरच्या इस्त्रीनं चिकटवून त्यांनी एक पिशवी बनवली, रोपवाटिकेत रोपं लावून देतात तेवढी. इतक्या वर्षांच्या कामातून झालेली ही एकच वस्तू. ती काचेच्या कपाटात ठेवायची सोडून त्यांनी तिच्यात जांभळाचं रोप लावलं आणि ते रोप पिशवीसकट सोसायटीच्या कुंपणाशी पुरलं. हाताच्या अंतरावर बाजारातल्या काळ्या पिशवीतलं दुसरं रोप, तेही पिशवीसकट. एक आमची, एक बाजाराची, असं गमरे म्हणाले. अर्थात पंचनामा झाला. पंच मी, पाटणकर आणि जिने झाडायला येणाऱ्या तळवलीच्या तुळसाबाई. बाईंनी अंगठा दिला.

आता चार महिने झाले होते. पाटणकर म्हणाले, "टेन्शनच आहे राव. एकच पीस आणि तोच गाडून ठेवला? दाखवायला एक तुकडा तरी कापून ठेवायचा." मलाही तेच वाटत होतं. मी विचारलं. गमरे एवढंच म्हणाले की, अर्ध्या पिशवीत रोप लागत नाही.

वस्तू कारखान्यात नेता येत नव्हती, म्हणून गमऱ्यांनी डायरेक्टरना वस्तूकडे आणलं. सबनिसांनी हे कसं जमवलं ते त्यांनाच ठाऊक. एका सकाळी आमच्या गेटाशी पांढरी गाडी थांबली. डायरेक्टर उतरले, मागून सबनीस. सोसायटी गॅलऱ्यांतून पाहत होती. गमरे इस्त्रीचा शर्ट घालून, हातात खुरपं घेऊन उभे होते. पाटणकरांनी स्वागतासाठी गुलाबाचं फूल आणलं होतं. ते कुणाला द्यायचं ते शेवटपर्यंत न ठरल्यामुळे त्यांच्याच हातात राहिलं.

गमऱ्यांनी आधी काळ्या पिशवीचं रोप काढलं. ते वीतभरच राहिलं होतं. पिशवी पुरली तशीच होती, नुसती धुतली तर पुन्हा वापरता येईल अशी. ब्लेडनं ती चिरल्यावर आत मुळांचं गोल गोल वेटोळं दिसलं, दोरीच्या गुंडाळीसारखं.

मग दुसरं. हे कमरेएवढं झालं होतं. त्याच्या बाजूनं गमऱ्यांनी खुरप्यानं खणलं, मग खुरपं ठेवून हातांनी माती सारली, बराच वेळ. मुळं चारी दिशांना गेली होती. पिशवी नव्हती. कडेची इस्त्रीनं चिकटवलेली पट्टीसुद्धा नव्हती.

डायरेक्टर वाकून बघत होते. "ठीक आहे. पण पिशवी कुठंय?"

"हेच ते, साहेब."

"मिस्टर गमरे, मला वस्तू बघायला बोलावलंय. तुम्ही मला खड्डा दाखवताय."

सबनीस जमिनीकडे बघू लागले. गमऱ्यांनी हात झटकले, फाइल उघडली आणि पंचनाम्याचा कागद पुढे केला. डायरेक्टरांनी तो वाचला, सह्या वाचल्या आणि अंगठ्यावर बोट ठेवून विचारलं, हे कोण. तुळसाबाई झाडू घेऊन मागेच उभ्या होत्या.

"मी हाय," त्या म्हणाल्या. "माझ्या म्होरं पुरली पिशवी. मातीन गेली, मातीनं खाल्ली. आता ती कशी मिलनार? तुमची ती काली बघा, ती आमचे शेतान पन हाय, नाल्यान पन हाय. ती खाला कोन येत नाय."

जाताना डायरेक्टरांनी काळी पिशवी मागून घेतली आणि रुमालात गुंडाळून गाडीत ठेवली. ती का नेली, ते आम्हाला कळलं नाही.

निकाल आधी सांगून टाकतो. नवी टाकी मिळाली नाही. टेबल मात्र राहिलं, आणि महिन्याभरानं कारखान्याच्या भंगारातली एक गळकी टाकी गमऱ्यांच्या नावे करण्यात आल्याचं पत्र आलं. गमऱ्यांनी ती झाळून घेतली आणि भेटेल त्याला सांगितलं की, कामगारांना अखेर कायम जागा मिळाली. टाकी थोडी लहान होती. "थोडं कमीच बरं," ते म्हणाले.

पण मला सांगायचंय ते त्याच दिवशीचं. गाडी गेल्यावर गमऱ्यांनी चिरलेल्या पिशवीतल्या रोपाची मुळं बोटांनी हलकेच सुटी केली आणि तेही रोप पुन्हा लावलं. मग मला घरी बोलावलं, कारण दिवसाचा पंचनामा लिहायचा होता. त्यांची बायको आम्ही इथे राहायला येण्याच्या आधी वारली होती. हे मला पाटणकरांकडून कळलं होतं. गमरे स्वतः तिच्याबद्दल बोलत नसत. घरात ओळीनं बाटल्या होत्या, प्रत्येकीवर चिठ्ठी. आमच्या मोगऱ्याचीही होती. ते चहा करायला आत गेले तेव्हा मी फाइल चाळत बसलो आणि अगदी तळाशी गेलो.

पहिला पंचनामा पंचाहत्तरच्या आसपासचा होता. शाई फिकी झाली होती. त्यात लिहिलं होतं: 'वाशी येथे इमारतीच्या कुंपणालगत कै. शालिनी गमरे यांनी दोन वर्षांपूर्वी लावलेले जांभळाचे रोप आज रोजी काढण्यात आले. रोप मेलेले आहे. रोप वाटणाऱ्यांनी मुळांना धक्का लावू नका असे सांगितल्यामुळे त्यांनी ते पिशवीसकट लावले होते. मुळे पिशवीत गुंडाळलेली. पिशवी शाबूत. रोप का वाढत नाही असे त्या आजारपणात रोज विचारत असत. कारण त्यांना सांगता आले नाही.' खाली गमऱ्यांची एकट्याची सही होती. दुसऱ्या पंचाची जागा कोरी होती.

गमरे चहा घेऊन आले. फाइल कुठे उघडी आहे ते त्यांनी पाहिलं. कप माझ्यापुढे ठेवला, चमचा दिला आणि समोर बसून नवा कागद लिहायला घेतला. लिहून झाल्यावर नेहमीसारखा माझ्यापुढे सरकवला. खड्ड्याची खोली, मुळांची लांबी, मातीचा रंग, हजर असलेल्यांची नावं, सगळं त्यात होतं. शेवटच्या दोन ओळी अशा होत्या:

'रोप लावण्याची पद्धत: पिशवीसकट, कै. शालिनी गमरे यांची. पद्धतीत चूक आढळली नाही.'

मी सही केली.