लाल ठिपका, निळा ठिपका

शेवटचा लाल ठिपका नकाशावर टेकवून शिट्टी मागे सरली आणि स्वतःच्या कामावर इतकी खूश झाली, की ब्रश तिने पाण्याऐवजी मामाच्या चहात बुडवला.

शिट्टी हे काही तिचं खरं नाव नव्हे. ती घरात शिरण्याआधी तिचा आवाज शिरायचा, म्हणून आत्याने ते ठेवलं होतं. लहानपणी ती त्यावर रडायची. यंदा शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आल्यापासून मात्र तिला ते पदवीसारखं वाटू लागलं होतं.

मामा चित्रकार होता. किनाऱ्यावर होड्या ठेवायची एक जुनी शेड होती, तिथे त्याची चित्रं टांगलेली असत आणि ती बघायला चिटपाखरूही येत नसे. अभिप्रायांच्या वहीत तीन वर्षांत दोन अभिप्राय जमले होते. दोन्ही शिट्टीचेच. दुसरा तिने डाव्या हाताने लिहिला होता, म्हणजे माणूस वेगळा वाटावा. आता शेडच्या मालकाला तिथे मासेमारीची जाळी ठेवायची होती आणि सोमवारी मामाने त्याला हो की नाही ते सांगायचं होतं.

"रविवारी वीस माणसं आली तर राहतो," मामा म्हणाला होता. "नाहीतर जाळ्यांना जागा देतो आणि होड्यांवर नंबर रंगवत बसतो."

"वीस? मी पन्नास आणते," शिट्टी म्हणाली होती. बोलून झाल्यावर आकडा तिलाच मोठा वाटला, पण शब्द तर गेला होता.

म्हणून हा नकाशा. उन्हाळ्यात किनाऱ्यावर येणाऱ्या पाहुण्यांसाठी गावकऱ्याने केलेला वाटाड्या: काय बघावं, कुठे जेवावं. आत्याची खानावळ त्यात होतीच. आत्याने सांगितलं होतं, "प्रत्येक ठिकाणाखाली नाव लिही गं, माणसं चुकतील." पण मामाने हात जोडले. "नकाशावर अक्षरांची गर्दी नको. रंग स्वतःच बोलतो. ज्याला रंग दिसत नाही त्याने समुद्रावर यावंच कशाला?" तेव्हा नकाशावर फक्त ठिपके उमटले आणि खाली एकच ओळ: लाल ठिपका डोळ्यांसाठी, निळा ठिपका पोटासाठी.

नकाशा झेरॉक्सच्या दुकानात गेला. दुकानदार भला माणूस. दोनशे प्रती काढून त्याने त्या शनिवारीच परस्पर सगळ्या लॉजवर आणि बसथांब्यावर पोचवल्या. शिट्टी आभार मानायला गेली तर म्हणाला, "तुझी पायपीट वाचवली, पोरी." शिट्टीला तो देवमाणूस वाटला.

रविवारी साडेअकराला मामा शेडमधून धावत बाहेर आला. मामा कधी धावत नसे.

"आले," तो म्हणाला. "पाच जण. सरळ आत येऊन बसले. उभ्याने बघून निघून जाणारे नव्हेत, चांगले मांडी ठोकून बसलेत."

शिट्टीने डोकावलं. नवरा, बायको, दोन मुलं आणि एक सासूबाई रंगांच्या टेबलाभोवती ओळीने बसले होते. धाकट्याने सपाट ब्रश चमच्यासारखा धरला होता. तिला काहीतरी खटकलं, पण आनंद इतका होता, की खटकलेलं तिने बाजूला सारलं आणि आत्याला सांगायला पळाली.

खानावळीत आत्या दारातच उभी होती, कमरेवर हात.

"शिट्टे, बरं झालं आलीस. ही आठ माणसं अर्धा तास झाला उभी आहेत. जेवत नाहीत आणि जातही नाहीत."

आठही जण हात मागे बांधून भिंतीकडे बघत होते. भिंतीवर आत्याचा झारा टांगलेला होता. एक दाढीवाला त्याच्याकडे डोकं तिरकं करून बघत म्हणाला, "साधेपणा बघ. बाकी काहीच मांडलेलं नाही." त्याची बायको मान डोलवून म्हणाली, "धाडस लागतं."

त्याच्या हातात शिट्टीचा वाटाड्या होता. तिने तो मागून घेतला. नकाशा अगदी ठसठशीत उमटला होता. अकरा ठिपके. अकराच्या अकरा काळे.

"रंगीत शाई संपली होती म्हणे," आत्या खांद्यावरून डोकावून म्हणाली. "काल झेरॉक्सवाला जेवायला आला होता, तेव्हा बोलला. आकार तोच आला ना, म्हणे."

शिट्टीच्या पायाखालची वाळू सरकली. खरं सांगावं, तर मामाकडचे पाच जण उठून जेवायला जाणार. न सांगावं, तर उपाशी बसणार. आणि वाटेवर आणखी माणसं दिसत होती, हातात कागद, सगळी शेडच्या दिशेने.

"आत्या, पाच जणांचे मासे तळ. शेडवर न्यायचेत."

"माझं जेवण आजवर या उंबऱ्याबाहेर गेलेलं नाही."

"मग आज मामाचं दुकान उंबऱ्याबाहेर जाईल."

आत्याने तिच्याकडे बघितलं. मग चुलीकडे वळत म्हणाली, "ताटं माझी ने. त्या चित्रकाराच्या बशांना निळं लागलेलं असतं."

पुढचे चार तास शिट्टी किनाऱ्यावर विणकामाच्या सुईसारखी इकडून तिकडे फिरली. जाताना मासे, येताना चित्रं. झाऱ्याशेजारी तिने निळ्या होडीचं चित्र टांगलं. आठ जणांनी सुटकेचा श्वास टाकला, मनसोक्त बघितलं आणि मग आपणहून जेवायला बसले. पाच जणांचे पंचवीस, मग चाळीस झाले. आत्याच्या एका कढईला शेडची भूक आवरेना. वाट बघणारी माणसं करणार काय? भिंतींकडे बघू लागली.

"ही दोरी चुकीच्या बाजूला बांधलीय," सासूबाई एका चित्राकडे बोट दाखवून म्हणाल्या. "माझे वडील होडी बांधायचे. अशी होडी पहाटेपर्यंत वाहून जाईल."

"ती वाहून जायलाच निघालीय," मामा म्हणाला.

"असं होय." सासूबाई खुर्ची ओढून त्या चित्रासमोर बसल्या आणि मासे आले तरी उठल्या नाहीत. ताट त्यांनी मांडीवर घेतलं.

संध्याकाळी वहीत त्रेचाळीस अभिप्राय होते. एकात लिहिलं होतं: मासा उत्तम. वाहून जाणारी होडी त्याहून उत्तम. शिट्टीने ती वही छातीशी धरली, पण तिला राहवेना.

"मामा, एक सांगायचंय. ती माणसं चित्रांसाठी नव्हती आली."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"पहिल्याच माणसाने टेबल पुसायला फडकं मागितलं, शिट्टे. चित्र बघायला आलेला माणूस फडकं मागतो का?"

"मग तू बोलला का नाहीस?"

मामा ब्रश पुसत होता, आणि तो ब्रश तर सकाळपासून कोरडाच होता.

तेवढ्यात दारात झेरॉक्सवाला उभा राहिला, घामाघूम, कानाची पाळी धरून. "चूक झाली माझी. शाई आणली, दुकान उघडून सगळ्या प्रती नव्याने काढल्या. हे बघा, लाल लाल, निळं निळं. उद्या सकाळी सगळ्या लॉजवर बदलून येतो."

मामाने एक प्रत हातात घेतली, उजेडात धरली. "रंग झकास आलाय," तो म्हणाला. मग तो अख्खा गठ्ठा त्याने नीट चौकोनी केला, खाली वाकला आणि रंगांच्या टेबलाच्या आखूड पायाखाली सारला. टेबल डुगडुगायचं थांबलं.

"कालच्यासारख्या अजून दोनशे काढ," मामा म्हणाला. "आणि शिट्टे, मालकाला निरोप दे. म्हणावं, जाळ्यांसाठी दुसरी जागा बघ. आत्याकडून जमलं तर आणखी एक कढईही माग."