चौदा नंबरच्या टेबलाचा पराक्रम

मी एकवीस किलोमीटरची अर्धमॅरेथॉन एक तास एकोणपन्नास मिनिटांत पूर्ण केली. आयुष्यातली पहिलीच! प्रमाणपत्र आहे, त्यावर शिक्का आहे, आणि त्याची फ्रेम आमच्या ऑफिसात पाण्याच्या कूलरवर टांगलेली आहे.

वाचलंत? छान. आता विसरा. असं काही घडलंच नाही असं धरून पुढे वाचा. गेला महिनाभर मीही तसंच धरून चाललोय, आणि मला ते धावण्यापेक्षा बरं जमतं.

आमची कंपनी लिफ्ट दुरुस्त करते. मी तक्रार कक्षात. लिफ्टमध्ये अडकलेली माणसं फोन करतात आणि आम्ही त्यांना सांगतो, "घाबरू नका, माणूस निघालाय." माणूस निघालेला असतोच असं नाही. कधी कधी तो जेवत असतो. पण वाक्य हेच आहे, टेबलावर चिकटवून दिलंय.

ऑफिसात आम्हाला नावं नाहीत. म्हणजे आहेत, पण ती घरी वापरायची. ऑफिसात टेबलाचा नंबर चालतो. टपाल, चहाचा कप, रजेचा अर्ज, सगळं नंबरावर. आवक-जावक सांभाळणाऱ्या बाईंनी मला पहिल्याच दिवशी समजावलं होतं, "हे बघ, माणसं बदलतात, टेबलं बदलत नाहीत. नावं लिहीत बसले तर रोज खाडाखोड!"

मी चौदा. शेजारी पंधरा.

पंधरा म्हणजे माझ्याच वयाची एक मुलगी, माझ्यासारखीच कंत्राटावर. फरक एवढाच की ती शाळेपासून धावायची, आणि मी शाळेपासून खेळाच्या तासाला पोटदुखीची चिठ्ठी न्यायचो.

आमच्या साहेबांना एका वर्षात दोन गोष्टी लागल्या, चाळिशी आणि धावणं. एका सोमवारी त्यांनी सगळ्या कक्षाला उभं केलं.

"दोन महिन्यांनी अर्धमॅरेथॉन आहे. ऑफिसतर्फे जायचंय. सक्ती अजिबात नाही."

आम्ही हुश्श करून बसायला लागलो.

"दोन महिन्यांनी एक कायम जागाही भरायची आहे. चौदा आणि पंधरामधून. धावण्याचा आणि जागेचा काडीचाही संबंध नाही. फक्त वेळ मला आणून दाखवा."

मी तिथल्या तिथे हात वर केला. "साहेब, दोन तासांच्या आत येतो!"

हे कोण बोललं म्हणून मीच मागे वळून बघितलं.

पंधरा हळूच म्हणाली, "चौदा, एकवीस किलोमीटर म्हणजे किती, माहितीये का?"

"माहितीये. एकवीस."

"एका दमात."

"दम एकच असतो गं माणसाला!"

ती हसली. तिला हसायला काही कारण नव्हतं खरं तर. कायम झालेल्या माणसाच्या आईवडिलांनाही कंपनीचा दवाखाना लागू होतो, आणि तिचे बाबा वर्षभर अंथरुणाला खिळून होते. मला कायम व्हायचं होतं ते ताईच्या घरच्या सोफ्यावरून उठण्यासाठी. सोफा तसा आरामशीर होता.

प्रशिक्षक म्हणून भावजी, म्हणजे ताईचे यजमान, स्वतःहून पुढे आले. शाळेत असताना ते लिंबू-चमच्यात दुसरे आले होते. चमचा अजून जपून ठेवलाय.

पहिल्या दिवशी पहाटे ते स्कूटरवर आणि मी रस्त्यावर. दोनशे मीटरवर माझ्या छातीतून कुकरची तिसरी शिट्टी व्हावी तसा आवाज आला.

"श्वास नाकानं घे!" भावजी ओरडले.

"कुठल्याही वाटेनं येऊ दे ना भावजी, मी नाही म्हणत नाहीये!"

तीन किलोमीटरला मी स्कूटरच्या मागच्या सीटवर होतो. उरलेलं अंतर तसंच कापलं. घरी येऊन बघतो तर खिशातल्या मोबाइलवर साहेबांनी घालायला लावलेलं धावण्याचं ॲप चालूच! धावणं आणि स्कूटर मिळून सरासरी ताशी साडेअकरा किलोमीटर! भावजी म्हणाले, "वा! सुधारणा आहे." ॲपनं परस्पर साहेबांना कळवलं. साहेबांनी तक्ता करून भिंतीवर लावला. मग काय, भिंतीचा मान राखण्यासाठी मला दोन महिने ताशी साडेअकरा राखावे लागले. रोज तीन किलोमीटर मी, आठ किलोमीटर स्कूटर. स्कूटरची तब्येत छान सुधारली.

पंधरा तक्ता बघून म्हणाली, "चौदा, तू खरंच माझ्या बरोबरीनं धावतोयस की!" आणि तिला मनापासून आनंद झाला. असल्या माणसांचं काय करायचं!

स्पर्धेला पंधरा दिवस उरले आणि माझ्या टेबलावरचा एसी गळायला लागला. थेंब बरोबर मानेवर. दोन दिवसांत मी असा शिंकायला लागलो की लिफ्टमध्ये अडकलेला एक गृहस्थ फोनवर म्हणाला, "तुम्ही काळजी घ्या. माझं बघतो मी."

पंधरानं आपली वही उचलली. "ऊठ. तू इकडे बस, मी तिकडे बसते. मला सर्दी होत नाही."

"अगं, टेबल बदलायचा अर्ज द्यावा लागतो. तीन सह्या. अर्जदार, शेजारचं टेबल आणि साहेब."

"मग दे ना भरून. माझी सही मी आत्ता करते."

"देतो उद्या," मी म्हटलं आणि पंधरावर जाऊन बसलो.

तो उद्या अजून यायचाय.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी आवक-जावकच्या बाई आयोजकांकडून गठ्ठा घेऊन आल्या. यादीतल्या प्रत्येक नावापुढे त्यांनी टेबलाचा नंबर टाकला, आणि ज्या टेबलाची वस्तू त्या टेबलावर ठेवत गेल्या. छातीला लावायचा एक कागद, त्यावर पाच आकडे, मागे वेळ मोजणारी चिप. आकडे बघून आतला माणूस कोण हे कुणाला कळणार? चौदाचा कागद चौदावर गेला, पंधराचा पंधरावर. बाईंनी एकही चूक केली नाही.

आणि मी धावलो.

हे मात्र खरं आहे, आणि हेच कुणाला खरं वाटत नाही! तिसऱ्या किलोमीटरला, जिथे रोज स्कूटर भेटायची, तिथे ती नव्हती. मला एका गृहस्थानं मागे टाकलं, तो मोबाइलवर कुणाला तरी फरशीचा रंग सांगत होता. नवव्याला एक स्वयंसेविका ओरडली, "काका, थोडंच राहिलंय!" मी सव्वीस वर्षांचा आहे आणि बारा किलोमीटर राहिले होते. पण मला वाईट वाटलं नाही. मी ओळखलं, हे तिच्या टेबलावर चिकटवलेलं वाक्य आहे.

चौदाव्याला रुग्णवाहिका माझ्या शेजारून चालायला लागली. दार उघडं.

"बसता का?" आतून चालकानं विचारलं.

"नाही."

"मग जरा उरका की हो! तुम्ही शेवटचे. आमचं जेवण अडलंय."

सतराव्याला भावजी स्कूटर घेऊन झाडाआडून बाहेर आले. "बस मागे! कुणी बघत नाहीये!"

मला काय झालं माहीत नाही. मी म्हटलं, "नको भावजी. हे एवढं मीच करतो."

भावजींचा चेहरा पडला. दोन महिन्यांच्या प्रशिक्षणावर पाणी!

शेवटच्या रेषेला कमान अर्धी उतरवली होती. एक माणूस जमिनीवरची वेळ मोजणारी पट्टी गुंडाळत होता. मी लांबून हात जोडले. त्यानं वैतागून ती वीतभर उलगडली. "ठेवा पाय!" मी ठेवला. पट्टी टुक् म्हणाली. तीन तास एक्कावन्न मिनिटं. त्या टुक्‌साठी मी रडलो. पट्टीवाला म्हणाला, "आता पाय काढा."

दुपारी निकाल लागला. माझ्या नावावर एक तास एकोणपन्नास मिनिटं, पुरुषांत एकशे सत्त्याऐंशीवा. पंधराच्या नावावर तीन तास एक्कावन्न, महिलांत शेवटची.

खरी गंमत अशी की तिच्या खऱ्या वेळेनं ती महिलांत तिसरी आली असती. बक्षिसाच्या मंचाजवळ ती अर्धा तास उभी होती म्हणे, केस नीट करून. तिसरी म्हणून दुसऱ्याच कुणाला तरी बोलावलं.

छातीवरच्या कागदाच्या मागे बारीक अक्षरांत नियम छापलेला होता. चिपांची अदलाबदल झाल्यास दोन्ही धावपटूंनी चोवीस तासांच्या आत एकत्र सह्यांचा अर्ज द्यावा. पंधरा नियम वाचते. तिचा पहिला फोन तीन वाजता आला.

मी सोफ्यावर आडवा होतो. फोन चार पावलांवर चार्जिंगला.

ताई स्वयंपाकघरातून ओरडली, "अरे, फोन वाजतोय!"

"वाजू दे. पाय दुखतायत."

"देऊ आणून?"

"नको."

"फोनवर पायांनी बोलतोस का रे तू?"

संध्याकाळपर्यंत अकरा फोन. मग मेसेज. "चौदा, चिपा बदलल्यात. दोघांची सही लागते. उद्या दुपारपर्यंतच. फोन उचल." ती घरी आली असती, पण ऑफिसच्या नोंदीत माझा पत्ता 'टेबल १४' एवढाच आहे.

एकवीस किलोमीटर धावलेला माणूस चार पावलांवरच्या फोनपर्यंत जाऊ शकला नाही. पाय दुखत होते हे खरं आहे. फोनवर कुणाचं नाव उजळतंय हे सोफ्यावरून स्वच्छ दिसत होतं, हेही खरं आहे.

सोमवारी मी आजारपणाची रजा टाकली. खेळाच्या तासाची सवय.

मंगळवारी ऑफिसात शिरलो तर टाळ्या! साहेबांनी मला मिठी मारली. मी कळवळलो, ते त्यांना भावनेनं वाटलं. केबिनमध्ये कायम नेमणुकीचं पत्र सहीसकट तयार. टेबल क्रमांक चौदा.

आता मात्र मी तोंड उघडलं. चोवीस तास उलटून गेले होते, त्यामुळे मला एकदम धीर आला होता.

"साहेब, ती वेळ माझी नाही."

"अगदी बरोबर! वेळ ऑफिसची आहे."

"तसं नाही साहेब. ते पाय पंधराचे होते."

"म्हणजे तिच्याकडून प्रेरणा घेतलीस! हे जाहीर सांगायला मोठं मन लागतं."

"साहेब, मी तीन तास एक्कावन्न मिनिटांत आलो हो! शपथेवर सांगतो!"

साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. डोळे ओलावले होते त्यांचे. "तिचा कमीपणा स्वतःवर घेतोयस. पण भिंतीवरचा तक्ता बघ. दोन महिने ताशी साडेअकरा. आकडे खोटं बोलतात का?"

इथे एकच शब्द बोलायचा होता. स्कूटर.

मी तक्त्याकडे बघितलं. साहेबांकडे बघितलं. "नाही, साहेब," मी म्हणालो.

बाहेर आलो तर पंधरा खणातल्या वस्तू पिशवीत भरत होती. कंत्राट संपलं होतं. तिच्या कागदावर साहेबांनी शेरा मारला होता, 'वेग फारच कमी. चिकाटी चांगली.'

"दुखतात का अजून?" तिनं विचारलं.

"हो."

"माझे नाही दुखत." तिनं पिशवीला गाठ मारली. "एवढं धावूनसुद्धा."

"अगं, मी साहेबांना आत्ताच सांगितलं..."

"आत्ता?" ती म्हणाली. मग एसीकडे बघितलं. "वर बादली तरी लावून घे. तुला सर्दी होते."

असल्या माणसांचं काय करायचं, हे मला अजूनही समजलेलं नाही. मी महिनाभर विचार केला आणि शेवटी मला जे येतं तेच केलं. अर्ज लिहिला. आवक-जावकच्या बाईंनी तो घेतला, शिक्का मारला आणि उत्तराची वाट बघायला टेबल क्रमांक चौदावर, म्हणजे माझ्याच समोर, आणून ठेवला. वरून थेंब पडून शाई जरा फुटली आहे, पण वाचता येतं:

प्रति, माननीय व्यवस्थापक, तक्रार कक्ष.

विषय: टेबल क्रमांक १४ व १५ यांची अदलाबदल पूर्वलक्षी प्रभावाने मंजूर होण्याबाबत.

महोदय, सदर टेबलांची अदलाबदल स्पर्धेच्या पंधरा दिवस आधी प्रत्यक्षात झालेली असून अर्ज देणे अर्जदाराकडून राहून गेले. तरी ती त्या दिनांकापासून मंजूर करावी, व अनुषंगाने कायम नेमणूक, दवाखान्याचा लाभ, एक तास एकोणपन्नास मिनिटे आणि कूलरवरील फ्रेम टेबल क्रमांक १४ च्या तत्कालीन धारकास सुपूर्द करावी. अर्जदारास केवळ तीन तास एक्कावन्न मिनिटे आणि 'चिकाटी चांगली' हा शेरा परत मिळावा. तो अर्जदाराचा आहे. नियमानुसार शेजारच्या टेबलाची सही आवश्यक आहे, परंतु शेजारचे टेबल सध्या रिकामे आहे. सबब सदर अटीतून सूट मिळावी, ही नम्र विनंती.