जिन्याखालचा दर्या

१९८८ साल. मी अठ्ठावन्न वर्षांचा होतो. भिवंडीतल्या नारपोलीत माझी स्वतःची चाळ होती, आणि त्या चाळीतला एक माणूस रोज उजाडलं की वरून खाली यायचा आणि दिवस मावळला की खालून वर जायचा. यात काय मोठं, असं तुम्ही म्हणाल. मोठं हे, की मधला सगळा दिवस तो माझ्या जिन्याखाली अंधारात बसायचा. माझ्या! जिना मी बांधलाय.

हसनमियाँ त्याचं नाव. इथलाच कोकणी मुसलमान, पण हयात जहाजावर खलाशी म्हणून गेली. शेवटी शेवटी तर शास्त्रज्ञांना घेऊन पार दक्षिणेच्या बर्फाच्या दर्यात जाऊन आला. बायको वारल्यावर तो पोराकडं ऱ्हायला आला, वरच्या कोपऱ्यातल्या खोलीत. पोरगा रफिक लूमवर, कापडाच्या मागावर, रात्रपाळीला. त्याचं लग्न झालं, घरात सून आली, आणि म्हाताऱ्याला हे खूळ लागलं.

पहिल्याच दिवशी मी विचारलं, "मियाँ, इथं काय करतो?"

"बर्फाच्या दर्यातली रीत हाय, धर्माशेट."

मग सुरू झाला. म्हणे तिकडच्या पाण्यात जवळ्यासारखे बारीक जीव असतात, काही तर काचेसारखे, आरपार दिसणारे. उजेडात मासे खातील म्हणून दिवसा ते खोल अंधारात उतरतात. सांज झाली की झुंडीनं वर येतात, पाण्यातलं शेवाळ चरतात, फटफटलं की पुन्हा खाली. नखाएवढा जीव, आणि रोज डोंगर चढायचा-उतरायचा.

"दुपारी जाळं टाकलं तं रिकामं. सांजचं टाकलं तं दोघांना वढवंना!"

"मग तू काय जवळा हायस?"

"ते शहाणे हायत, शेट. दिवसा वर ऱ्हाणारा खाल्ला जातो."

दारावर मासळी घेऊन मावरेवाली यायची. हा तिच्या टोपलीतला मूठभर जवळा तळहातावर घेऊन त्याच्याशीच बोलायचा, "उजेडात कशाला आलात रे?" शेवटी ती खेकसली, "ए मियाँ, घ्यायचा तं घे, न्हायतं निका लाव त्याच्याशी!" सगळी चाळ हसली. मी न्हाय हसलो. मला भाताची पोती ठेवायला ती जागा पायजे होती. मी तिसरी शिकलोय, पण माझी जागा कुठली ते मला कळतं.

ऊठ म्हटलं की "हां शेट" म्हणायचा. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता त्याच्या सपातांचा आवाज पुन्हा जिन्यावर. एकदा तर मी तिथं बादलीभर पाणी ओतलं. हा दोन विटा मांडून वर बसला आणि म्हणतो, "आता खरा दर्या झाला."

माझं डोकं फिरलं. सुताराला सांगितलं, शनिवारी सकाळी ये, जिन्याखाली दार बसव. कुलूप मी घालतो.

आदल्या दिवशी शुक्रवार. लूमला सुट्टी, खडखडाट बंद. शुक्रवारी आमच्या भिवंडीत माणसाला माणसाचं बोलणं ऐकू येतं. दिवे लागले तरी हा खालीच. मी ओरडलो, "आता का बसलास? दिवस मावळला, चल वर!"

"आज न्हाय, शेट. बर्फाच्या दर्यात अशीबी जागा हाय, सूर्य मावळतच न्हाय. मग खालीच ऱ्हायचं."

"तिथं नसंल मावळत! इथं नारपोलीत मावळला की! गेल्या शुक्रवारी पण तू इथंच..."

"हळू बोल, शेट. वर ऐकू जातं."

वरून सून हसल्याचा आवाज आला. मग रफिकही हसला. हसन जिन्याच्या पायऱ्यांकडं खालून बघत राहिला.

"मी लगीन केलं आणि आठव्या रोजी जहाजावर चढलो," तो म्हणाला. "आमची हसायची कशी, मला ठाव न्हाय."

तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. खोली एक. पोरगा रातभर लूमवर, बायकोला भेटतो तो दिवसाच, म्हणून हा दिवसा खाली. रात्री सून एकली, म्हणून हा वर, दाराबाहेर गॅलरीत पथारी टाकून. शुक्रवारी पोरगा रात्रीही घरी, म्हणून शुक्रवारी सूर्य मावळत न्हाय.

मला भारी राग आला. अरे, सरळ सांगायचं ना! मी काय राक्षस हाय? पण सांगणार कसा? सासऱ्यानं हे तोंडानं सांगायचं, चाळीनं फिदीफिदी हसायचं, आणि त्या पोरीनं नळावर मान कशी वर करायची? तरी माझा राग काही गेला न्हाय. मी पाय आपटत घरात गेलो आणि बायकोला म्हटलं, पोती इथंच खाटेखाली घाल, विचारू नको.

सकाळी सुतार फळ्या घेऊन आला. मी म्हटलं, दार न्हाय, याच फळ्यांचं बाकडं कर, माणूस पाय लांब करून निजंल एवढं. त्यानं तिथंच हातोडी उचलली. मी त्याच्या अंगावर धावलो.

"ठोकाठोकी तिकडं रस्त्यावर कर, गाढवा! वर पोरं निजलीत."