हिरव्या पट्ट्यातला काटा

रविवारी सकाळी कमलाकांत चुरी मोटारीखाली पाठीवर पडून टाकीतले सगळे पेट्रोल डब्यात काढून घेत होता आणि त्याची पत्नी पुष्पलता दारात उभी राहून विचारत होती, "अहो, गाडी चालवायला निघालाय की मोडीत काढायला?"

"ते संध्याकाळी कळेल," मोटारीखालून उत्तर आले.

उत्तर अगदी खरे होते. कमलाकांत बोईसरच्या एका कारखान्यात उपकरण विभागात होता. दाबाचे, तापमानाचे, प्रवाहाचे जेवढे म्हणून काटे कारखान्यात होते, ते त्याने तपासून योग्य ठरवल्याशिवाय त्यांच्यावर कोणी विसंबत नसे. माणसांच्या बोलण्यापेक्षा काट्यावर त्याचा अधिक विश्वास असावा, हे त्यामुळे स्वाभाविकच होते. मस्कतला नोकरी करणाऱ्या मावसभावाने गेल्या दिवाळीत त्याला एक गोल तबकडी आणून दिली. ती एका बारीक नळीने इंजिनाला जोडायची आणि चालकाच्या समोर बसवायची. तिच्यावर लाल, पिवळा आणि हिरवा असे तीन पट्टे होते, पट्ट्यांवर आकडे होते, आणि मोटार या क्षणी एका लिटरला किती किलोमीटर जाते आहे, ते काटा दाखवत असे. कमलाकांतचा काटा बहुधा हिरव्या पट्ट्यात, चौदाच्या आसपास डुलत असे.

पुष्पलताचा अनुभव निराळा होता. "पंपावरचा माणूस आपल्याला लांबून बघूनच हसायला लागतो," ती म्हणे. "जवळचे सोयरेच वाटतो आपण त्याला. चौदा देते, तर टाकी सारखी रिकामी कशी?"

"काटा खोटं बोलत नाही, पुष्पा."

"मग पंपवाला खोटं बोलतो का?"

कारखान्याची बस दारात येत असताना ही जुनी मोटार पोसायची कशाला, हा तिचा प्रश्न होता. पालघरला कापडाचे दुकान असलेला नामदेव राऊत मोटार घ्यायला तयारच होता. पुष्कळ वादानंतर नवराबायकोत तह झाला तो असा: रिकाम्या टाकीत मापून पाच लिटर पेट्रोल घालायचे आणि मोटार आपोआप थांबेपर्यंत चालवायची. लिटरला बारा, म्हणजे एकूण साठ किलोमीटर झाले, तर मोटार घरी राहील. एकानेही कमी पडले, तर सोमवारी नामदेवच्या हवाली. कमलाकांतला पहाटेचा मोकळा रस्ता हवा होता. पुष्पलताने तो साफ नाकारला.

"रोजची गाडी रोजच्यासारखी चालवायची. वाटेत जे घडेल ते सगळं धरायचं. मागाहून हे वजा करा, ते वजा करा, असं चालणार नाही."

"कबूल," कमलाकांत म्हणाला. काट्यावर त्याचा विश्वास होता.

साक्षीदार म्हणून नामदेवला बोलावले होते. तो मागच्या आसनावर बसला तेव्हा त्याला आपल्या अडचणीची कल्पना नव्हती; ती बोईसरच्या बाहेर पडल्यावर आली. काटा हिरव्यात गेला की मोटार चांगली आहे म्हणून त्याला आनंद होई आणि लगेच ती आपल्याला मिळणार नाही म्हणून वाईट वाटे. काटा लालाकडे सरकला की मोटार आपली होणार म्हणून तो पुढे सरसावे आणि आपण असली खादाड मोटार कशाला घेतो आहोत, या विचाराने पुन्हा मागे टेकून बसे.

मागच्या सामानाच्या कप्प्यात टाकीतून काढलेल्या पेट्रोलचा डबा होता. मोटार जिथे थांबेल तिथे तो ओतून परत यायचे, अशी कमलाकांतची योजना होती. माणूस व्यवस्थित होता.

उमरोळीला रेल्वेचे फाटक बंद होते. कमलाकांतने मोटार उभी केली, पण इंजिन चालूच ठेवले.

"बंद करा की!" पुष्पलता म्हणाली.

"पुन्हा सुरू करताना जास्त पेट्रोल जातं. आणि काटा बघ ना, सोळावर आहे."

नामदेवने मान पुढे काढली. "कमलाकांतभाऊ, पण आपण तर उभे आहोत."

"हो."

"उभी गाडी लिटरला सोळा किलोमीटर जाते?"

मालगाडी सावकाश जात होती. कमलाकांत काट्याकडे जरा निराळ्या नजरेने पाहू लागला. आजवर तो काटा पाहताना रस्ताही पाहत असे. नुसता काटा त्याने प्रथमच पाहिला. "हा खरं तर पेट्रोल मोजत नाही," तो हळूहळू, स्वतःलाच समजावत असल्यासारखा म्हणाला. "अंतरही मोजत नाही. इंजिन आत हवा ओढतं, त्या ओढीचा जोर मोजतो. उभ्या गाडीत तो जोर जास्त असतो…"

"मग आकडे कशाला छापलेत?" पुष्पलताने विचारले.

त्याच वेळी खिडकीच्या काचेवर टकटक झाली. डोक्यावर बोचके घेतलेली एक बाई आणि खांद्यावर कुदळ घेतलेला तिचा नवरा बाहेर उभे होते. डोंगराकडची भातकापणी उरकून ते किनाऱ्याकडच्या वाड्यांत कामाला निघाले होते.

"कुठवर जाता, दादा?" नवऱ्याने विचारले.

"माकुणसारला, सासुरवाडीला," कमलाकांत म्हणाला.

"आमी पन थयच! ही बायडी, मी बुधा," असे म्हणत त्याने दार उघडलेसुद्धा. त्या रस्त्याला बसगाड्या थोड्या. मोटारीत जागा दिसली की हात करायचा, आणि चालकाने थांबायचे, हा रिवाज इतका जुना होता की कोणी त्याला उपकार समजत नसे. कमलाकांतने आरशातून ते बोचके, ती कुदळ आणि अंग चोरून बसलेला नामदेव पाहिला.

"पुष्पा, हे वजन…"

"रोजचंच आहे," पुष्पलता म्हणाली.

माकुणसारला बुधा आणि बायडी उतरली आणि पुष्पलताची आई येसूबाई बसली. बसली म्हणजे, तिला बसवावे लागले. दोन्ही गुडघे धरले होते. बसच्या पायऱ्या तिला कधीच्याच अशक्य झाल्या होत्या. पुष्पलता मागे गेली आणि येसूबाई पुढच्या आसनावर पाय लांब करून राणीसारखी स्थिरावली.

"आता दातिवऱ्याला न्या, जावई. पारूला भेटाचं हाय."

पारू ही दातिवऱ्याची कोळीण. तरुणपणापासून डोक्यावर पाटी घेऊन ती येसूबाईच्या दारात मासे विकायला येत असे. दोघींची सगळी बाळंतपणे, भांडणे आणि लग्नकार्ये त्या पाटीच्या दोन बाजूंना बसून बोलून झाली होती. पुढे पारूचे चालणे सुटले, येसूबाईचे गुडघे गेले, आणि मधले काही कोस एकाएकी समुद्राएवढे झाले.

"मी तर आज परीक्षा…" कमलाकांतने सुरुवात केली.

"तिकडेही रस्ताच आहे," पुष्पलता म्हणाली.

दातिवऱ्यापर्यंतच्या रस्त्यावर खड्डे, बकऱ्या आणि वाळत घातलेली जाळी होती. काटा लाल, पिवळा, हिरवा असा सारखा हेलकावत राहिला. येसूबाईने थोडा वेळ त्याचे निरीक्षण करून विचारले, "याला काय झाला? का थरथरतं?"

"आई, तो पेट्रोल किती जातं ते सांगतो," पुष्पलता म्हणाली.

"सांगून काय कमी जातं?"

मागच्या आसनावर नामदेव खुदकन हसला आणि लगेच खोकला.

पारू दारातच बसली होती. येसूबाईला मोटारीतून उतरताना पाहून ती मोठ्याने ओरडली, "मेली नाय का गं तू अजून?"

"तुला न्यायला आल्ये!" येसूबाईने तितक्याच मोठ्याने उत्तर दिले. मग दोघी एकमेकींचे हात धरून इतक्या हसल्या की शेजारच्या बायका बाहेर आल्या. पुष्पलता दोन पावलांवर उभी होती. आईचे असे हसणे तिने पुष्कळ दिवसांत ऐकले नव्हते. तिने पदराने चेहरा पुसला आणि ऊन फार आहे म्हणाली.

निघताना पारूने वाळलेल्या बोंबलांच्या दोन टोपल्या दिल्या. नाही म्हणण्याचा प्रश्न नव्हता. पुष्पलताने सामानाचा कप्पा उघडला, डबा हुंगला, आणि तो बाहेर काढून पारूच्या पडवीत ठेवला. टोपल्या आत गेल्या. कमलाकांत त्या वेळी पुढचे झाकण उघडून नळीचा जोड तपासत होता. उभ्या मोटारीचे सोळा किलोमीटर त्याच्या डोक्यातून जात नव्हते.

परतीच्या वाटेवर त्याने सकाळी शून्यावर आणलेल्या, अंतर मोजणाऱ्या मीटरकडे पाहिले. अठ्ठावन्न होऊन गेले होते. पुढे खाडीवरचा पूल होता आणि पुलानंतर चांगला उतार. कमलाकांतने अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला. मोटार अलगद खाली धावू लागली आणि काटा हिरव्यात शिरला. चौदा, सोळा, आणि मग आकडे संपले तिथे, तबकडीच्या अगदी टोकाला जाऊन टेकला.

"बघा!" कमलाकांत ओरडला. "एवढा कधीच गेला नव्हता!"

नामदेवचा चेहरा आनंदाने फुलला आणि तसाच उतरला.

उतार संपला. कमलाकांतने पुन्हा अ‍ॅक्सिलरेटर दाबला. मोटारीने एक उचकी दिली, दुसरी दिली, आणि रस्त्याच्या कडेला जाऊन शांतपणे उभी राहिली. काटा धाडकन लालाच्या तळाशी आला.

"संपलं," कमलाकांत म्हणाला. "उतारावरच संपलं असणार. म्हणजे पेट्रोल मुळीच नव्हतं, तेव्हा हा सगळ्यात खूश होता." त्याच्या आवाजात दुःखापेक्षा कुतूहल अधिक होते. मग त्याने मीटर पाहिला, आणि दुःखही आले. साठाला अजून एक किलोमीटर आणि वर थोडे कमी पडत होते. तो उतरला, मागे गेला, कप्पा उघडला, आणि बोंबलांकडे पाहत राहिला.

"पुष्पा, डबा?"

"पारूमावशीच्या पडवीत. बोंबलांना पेट्रोलचा वास लागला असता."

"आणि आता?"

"आता पेट्रोलला बोंबलांचा लागणार नाही," नामदेव म्हणाला.

रस्त्यालगतच्या वाडीतून बुधा आणि बायडी हे सगळे पाहत होती. बुधाने कुदळ बांधावर टेकवली. "तुमी आमाला आनलं," तो जवळ येत म्हणाला, "आता आमी तुमाला नेतू. सासूबायला नका उतरवू, बसू द्या."

येसूबाईचा उतरण्याचा विचार नव्हताच. पुष्पलताला सुकाणूचे चाक धरायला बसवले. गाडी चालवता येत नसली तरी सरळ धरता येईल, असे ठरले. कमलाकांत, नामदेव, बुधा आणि बायडी मागून ढकलू लागली. रस्ता सपाट होता, पण मोटार जुन्या काळातली, भरपूर लोखंडाची होती. येसूबाईचे घर दिसू लागेपर्यंत नामदेवचा सदरा पाठीला चिकटला होता. या प्रवासात त्याने मोटारीविषयी जे ज्ञान मिळवले, ते कोणत्याही काट्याने दाखवले नसते.

घराचे फाटक आले. मोटार वळली नाही.

"पुष्पा, वळव! घर गेलं!"

"इथे ऊन आहे," पुष्पलता आतून म्हणाली. "पुढे चिंचेखाली सावली आहे. जरा ढकला."

ऊन कलून केव्हाच माडांमागे गेले होते आणि सावली सगळीकडेच होती. पण ढकलणाऱ्यांना मान वर करण्याचे त्राण नव्हते. मोटार चिंचेपर्यंत गेली. चिंचही मागे पडली. मग अचानक पुष्पलता म्हणाली, "हां. बास."

कमलाकांत धापा टाकत खिडकीशी आला आणि त्याने आत डोकावले. मीटरवर एकोणसाठ उलटून साठाचा आकडा नुकताच स्थिर होत होता.

त्याने त्या आकड्याकडे आणि मग बायकोकडे पाहिले. पण तो उपकरण विभागातला माणूस होता. चुकीचा आकडा त्याला घशाखाली उतरत नसे. "पुष्पा, हे बरोबर नाही," तो म्हणाला. "पुलापासून आपण ढकलत आणली. तेवढं अंतर वजा करायला हवं. मग बारा होत नाहीत. गाडी गेली."

"काही वजा करायचं नाही," पुष्पलता म्हणाली. "रोजच्या वाटेवर जे घडेल ते सगळं धरायचं, असं ठरलंय. फाटक धरलं, वजन धरलं, बकऱ्या धरल्या. ढकलणं काय या गाडीला नवीन आहे?"

"पण तूच तर विकायची म्हणत होतीस."

पुष्पलताने पुढच्या आसनावरच्या आईकडे पाहिले. "डबा आणायला उद्या दातिवऱ्याला जायला नको का? बसने कशी जाईल ती? नामदेवभावजी, तुम्ही साक्षीदार. मीटर काय म्हणतो?"

नामदेव रस्त्यावरच फतकल मारून बसला होता. दिवसभरात प्रथमच त्याच्या मनात कोणतेही द्वंद्व उरले नव्हते. "साठ, वहिनी! स्वच्छ साठ!" तो म्हणाला. "गाडी तुमचीच. देव करो आणि ती तुमच्याकडेच राहो."

कमलाकांतने तबकडीच्या काचेवर बोटाने टिचकी मारली. काटा हलला नाही. "काटा खोटा नव्हता," तो म्हणाला. "मीच त्याला भलतं विचारत होतो."

येसूबाई एवढा वेळ मांडीवरच्या पिशवीवर हात ठेवून समाधानाने बसली होती. तिने जावयाला खुणेने जवळ बोलावले.

"जावई, सकालपासून काय ते धक्के, काय तो आवाज! पुलापासून मातर बेस चालवलीत हां. पोटातलं पानी नाय हाललं," ती म्हणाली. "उद्या दातिवऱ्याला अशीच न्या."