मांडवाच्या खांबाने मामांचा मान राखिला

श्री खंडेराव समर्थ. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरे, वैशाख मासी, भीमातीरी मौजे वडगाव रासाई येथे घटकाभरात फेटा उभा करून लग्न कैसे राखिले, तो मजकूर साद्यंत लिहिला असे. वाचणाराने उगाच हसू नये. प्रसंग बाका होता.

नवरी धनश्री, तिचे आजोबा राजमान्य राजश्री मल्हारीबा. बाळपणापासून मेंढरांमागे मुलूख हिंडले, आता गावी ऊस लावून स्थिरावले. परंतु मोजणीचा रिवाज जुनाच राहिला. मेंढरे जाळीतून बाहेर सोडताना पुढचा एडका मोजीत नाहीत. तो आधीच समोर उभा, त्यास काय मोजावे? त्याच शिरस्त्याने मल्हारीबांनी कासुर्डीकर वऱ्हाडाचे मानकरी मोजिले आणि वीस फेटे आणविले, आणि मग वीस मस्तकांवर फेटे चढले, आणि सर्वांच्या पुढे उभे असलेले नवरदेवाचे मामा साहेबराव तेवढे बोडके राहिले.

मामांनी एकवार डावीउजवीकडे पाहिले, आणि तडक जाऊन पांढऱ्या जीपगडात दाखल झाले, आणि काचा वर घेतल्या, आणि आतून फर्मान सुटले की, "मी मामा हाय का गाडीचा डायवर? पोराच्या मागं दुसरं कुणीबी उभं करा."

मामा पाठीशी उभे राहिल्याखेरीज अक्षता पडावयाच्या नाहीत. मुहूर्त बारा पस्तिसाचा, घड्याळात बारा वीस. मुहूर्त टळला तर वऱ्हाड माघारी फिरेल, ऐशी कुजबुज उठली. नवा फेटा आणावयास तळेगाव ढमढेऱ्यास स्वार धाडावा तर जाऊन येऊन तास मोडतो. विहीण रंगुबाई, म्हणजे नवरदेवाच्या आई, वकिलातीस गेल्या. त्यांस काच दोन बोटे उघडून मिळाली आणि पुन्हा बंद झाली. आतल्या खोलीतून नवरीचा निरोप आला, "आबा, तुमीच मोजलं व्हतं ना? मंग आता तुमीच बघा. मी मुंडावळ्या सोडणार न्हाई."

मल्हारीबांपुढे पेच पडला. चूक कबूल करावी, तर मामांस एडक्यात धरिले हेही सांगणे आले. ते ऐकून जीप थेट कासुर्डीसच थांबली असती. मग त्यांनी चौफेर नजर टाकिली, आणि मांडवाच्या पुढल्या खांबास गुंडाळलेले केशरी सॅटिन दृष्टीस पडले. रंग हुबेहूब फेट्याचा, लांबी अंमळ कमी.

"पिना काढ," ऐसा हुकूम कुशाबाईंस झाला. कुशाबाई म्हणजे मल्हारीबांच्या कारभारीण. त्यांच्या बांगडीस बारमाही पिनांचा दारूगोळा अडकविलेला. त्यांनी सात पिना हाती दिल्या आणि बोलिल्या, "मोजून घ्या. आन् म्होरली धरून मोजा ह्या टायमाला."

मग मल्हारीबांनी खांब लुटिला. कापडावर मांडववाले सोपानराव यांचे नाव आणि मोबाईल नंबर काळ्या शाईने छापिले होते, ते आत दडपिले, आणि आपल्याच गुडघ्यावर वेढे देत फेटा उठविला, आणि तुरा लवू लागला तेव्हा पंगतीतला कागदी द्रोण फाडून त्याच्या पोटी घातला. तुरा ताठ झाला. पाठीवर सोडावयाचा शेमला वीतभरच उरला, त्यास इलाज नव्हता.

फेटा दोन्ही हाती धरून मल्हारीबा जीपगडाखाली उभे राहिले. "मामा, ती वीस दुकानची हायती. ह्यो घरी हातानं बांधलाय, म्हणून येळ लागला."

काच पुरती उतरली. मामांनी तुरा न्याहाळिला. "आसं व्हय? मंग आधी न्हाई का सांगायचं, आबा?" ऐसे म्हणून मस्तक पुढे केले. बारा चौतिसास ते नवरदेवामागे उभे होते, आणि बारा पस्तिसास अक्षता पडल्या.

पुढे सोपानरावांशी तह होऊन त्यांस नवे कापड पोचते झाले. महिन्याने अल्बम आला, आणि तो पाहावयास साहेबराव मामा तोच फेटा चढवून वडगावी आले. एका फोटोवर बोट ठेवून म्हणाले, "समदं बेस झालं, आबा. पर ह्यो एक खांब उघडाच ऱ्हायलाय बगा. मांडववाल्यानं कुचराई केली."

"व्हय मामा," मल्हारीबा म्हणाले, "घाई झाली." कुशाबाई तोंडास पदर लावून आत गेल्या.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. खांब एक पडला, मनुष्य एकही नाही. त्या दिवसापासून मल्हारीबा एडका पहिला मोजितात.