कोच रॅटक्लिफ पाहणीला जातात

"पोराला पटवायचंच नसतं, साहेब! घराला पटवायचं! रविवारी जातो आणि क्विंटेलचा शब्द खिशात घालून येतो!"

संघासाठी नवे खेळाडू आणणाऱ्या एलिस रॅटक्लिफने असं ठणकावून सांगितलं. मुख्य प्रशिक्षक मान वरही न करता म्हणाले, "आणि नाही आणलास, तर तूही येऊ नकोस."

साहेब थट्टा करत नसत. दोन मोसम त्यांच्या कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघाने सपाटून मार खाल्ला होता. क्विंटेल मेबरी हा मिसिसिपीतल्या एका खेड्यातला शाळकरी पोरगा. बॉल पोटाशी धरून पळू लागला, की समोरचे अकराच्या अकरा जण मैदानात कुणी विसरून गेलेल्या छत्र्यांसारखे दिसत! बावन्न वर्षांच्या एलिसला दुसरी नोकरी कोण देणार? तीनशे मैल तो घाम पुसतच गाडी चालवत आला.

आणि क्विंटेलच्या एकशे चौदा नंबरऐवजी एकशे एकेचाळीसचं दार वाजवलं.

दार उघडलं ओथा पिकन्सने. सत्तरी उलटलेला, ताडमाड म्हातारा. घरामागे कुत्रं गुरगुरलं. एलिसला कुत्र्यांची भयंकर भीती! तरीही त्याने हसू चिकटवलं.

"नमस्कार साहेब! तुमच्याकडच्या हिऱ्यासाठी आलोय."

म्हातारा खुलला. "आमच्या ड्यूकसाठी? पळताना पाहिलाय त्याला?"

ड्यूक हे क्विंटेलचं घरचं नाव असणार, असं एलिसने गृहीत धरलं. "दोन वर्षं पाहतोय! कुंपणापलीकडून, गाडीत बसून!"

"लपून?"

"लपूनच! टपलेत ना सगळे त्याच्यावर! आता मी घेऊनच जातो. चार वर्षं आमच्याकडे राहील, खाणंपिणं आमचं. गुडघे, दात, सगळं आमचे डॉक्टर तपासतील!"

म्हाताऱ्याचे डोळे बारीक झाले. "मागच्या महिन्यात ड्यूकची बहीण, आमची बेल, नाहीशी झाली. तीही तूच नेलीस?"

"छे छे! मुलींचा विभाग माझ्याकडे नसतो, साहेब."

म्हाताऱ्याचा हात दारामागे गेला आणि बंदूक घेऊनच बाहेर आला. "ड्यूक! धर रे चोराला!"

घराच्या कोपऱ्यावरून वासराएवढा शिकारी कुत्रा उसळला आणि एलिसच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पण पाय डोक्याच्या आधीच निघाले होते! टोपी गेली, एक बूट गेला. समोर माशांचं तळं आहे हे त्याला दिसतच नव्हतं. कानामागे फक्त ते धापा टाकणं!

रस्त्यापलीकडच्या ओसरीवर व्हर्नेटा मेबरी मुलाबरोबर बसली होती.

"आई, तो माणूस तळ्यात जाणार!" म्हणत क्विंटेल उठला. त्याने कुत्र्याला मागे टाकलं, एलिसच्या कंबरेला मिठी मारली आणि त्याला गवतात असा आपटला, की एलिसला क्षणभर आपलं नावही आठवेना. मागून ड्यूक आला, त्याने एलिसचा कान चाटला आणि शेजारीच बसला.

"ओथाकाका, बंदूक खाली!" व्हर्नेटा कडाडली. "रविवार आहे आज! तो कॉलेजचा माणूस आहे, सदऱ्यावर लिहिलंय!"

एलिस थंड चहाचा पेला घेऊन ओसरीवर बसला. पाठ केलेलं भाषण गवतातच राहिलं होतं. व्हर्नेटा समोर खुर्ची ओढून बसली.

"माझ्या भावाचा गुडघा याच खेळात गेला. कॉलेजने वर्षभरात घरी पाठवला. तुमच्याआधी सात जण येऊन गेले. सगळे म्हणाले, पोराला काही होणार नाही. तुम्ही सांगा. मोडेल याचा गुडघा?"

योग्य उत्तर एलिसला तोंडपाठ होतं. पण आता खोटं बोलायलाही अंगात त्राण नव्हतं.

"मोडू शकतो," तो म्हणाला. "दर शनिवारी माझा जीव त्याच धास्तीने टांगलेला असतो. मोडला तरी शिक्षण थांबणार नाही, हे आमच्याकडून लिहून घ्या. त्याशिवाय सही करू नका. आणि हा आला नाही तर माझी नोकरी जाईल, हेही खरंय."

व्हर्नेटाने खुर्ची मुलाकडे वळवली.

"आठव्याने खरं सांगितलं," ती म्हणाली. "जा रे, यांच्याकडेच जा. पण कागद आधी मी वाचणार."

एलिसला रडूच यायचं बाकी होतं. त्याने लगेच साहेबांना फोन लावला. घंटा वाजत असतानाच क्विंटेल डोकं खाजवत पुढे झाला.

"कोच, एकच गोष्ट. मला आता बॉल घेऊन पळायचं नाही. मघाशी तुम्हाला मागून धरून आपटलं ना, अशी मजा आजवर कधी आली नव्हती! मला पळणाऱ्याला पकडून पाडणारा व्हायचंय."

"हां, बोल एलिस!" फोनमधून साहेब गरजले. "सापडला का आपला पळणारा?"

एलिसने सदऱ्यावरचं गवत झटकलं.

"साहेब... सापडलो तो मीच."